आयरिश टोपी, यॉर्कशरची हमी

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका माणसाने माझ्यासाठी शब्द टाकला तेव्हा कुठे मला आयरिश म्हणून ती फुकटची हिरवी टोपी मिळाली. अजून डोकं तापतं आठवलं की.

१७ मार्चची सुट्टी, डब्लिनला पावसाचा अंदाज (अंदाज कसला, खात्रीच), म्हणून आम्ही स्पेनला पळालो. अलिकांतेला उतरून खाली काबो रोइग. तिथे समुद्राकाठी आयरिश मंडळींची इतकी वस्ती झालीय की सेंट पॅट्रिक्स डेची चांगली दणदणीत परेड निघते. म्हणजे बघा, आयरिश सण साजरा करायला आयर्लंड सोडायचं, तीन तास गुडघे पोटाशी घेऊन विमानात बसायचं आणि उतरून परत आयरिश पबमध्येच जायचं. बायको म्हणाली, मग घरी काय वाईट होतं? घरी ऊन नव्हतं ना! ऊन म्हणजे तरी किती, वीसेक डिग्री. पुण्यात एवढ्यावर कानटोप्या बाहेर येतात, इथे अख्खी रांग शर्ट काढून बसलेली आणि दुपारपर्यंत लालबुंद. नाचणाऱ्या पोरींच्या डोक्यावर ते कुरळे विग, घामाने कपाळावर घसरतायत, मागे बॅगपाइपवाले. मजा होती, नाही असं नाही.

तर पबमध्ये बोर्ड होता, आयरिश पाहुण्यांना बियरच्या पाइंटवर टोपी फुकट. वाटणारी मुलगी खोकं घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होती. आमच्याशी आली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "तुम्हाला सांग्रियाचा मेन्यू आणू का?" (सांग्रिया म्हणजे फळं घातलेली स्पॅनिश वाइन, टूरिस्टांचं पेय.) मी म्हटलं, मी आयरिश आहे. ती म्हणाली, "ओके," आणि पुढच्या टेबलावर गेली. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये. आता एका टोपीसाठी चालत परत जाणार का माणूस? (मी निघालो होतो. बायकोने बसवलं.)

पुढच्या टेबलावर हा यॉर्कशरवाला. साठी ओलांडलेला, अंगात लेप्रेकॉनचा (आयरिश गोष्टींतला दाढीवाला बुटका) हिरवा कोट, डोक्यावर ऑलरेडी एक टोपी, आणि इलॅस्टिकवाली नारिंगी दाढी. बियर प्यायची झाली की ती दाढी तो कोविडातल्या मास्कसारखी हनुवटीखाली ओढायचा, घोट घ्यायचा, परत वर. फेस दाढीला, दाढीचा रंग घामाबरोबर मानेवर, मानेवरून कॉलरवर. त्याला दुसरी टोपी मिळाली, ती त्याने पहिलीवर चढवली. मग माझा चेहरा बघून मुलीला हाक मारली, "अगं, तो माझ्याबरोबर आहे, दे त्याला एक."

दिली हो लगेच!

मग साहेब खुर्ची घेऊन आमच्याकडेच आले. "मूळचा कुठला तू?" म्हटलं डब्लिन. "नाही, म्हणजे मूळचा?" म्हटलं बाबा, महाराष्ट्र. "म्हणजे वराडकर तुझा कोण?" म्हणजे लिओ वराडकर, आयर्लंडचे माजी पंतप्रधान. कोणी नाही. त्यांचं गाव मालवणजवळचं वराड, आमचं सातारा, आणि तिकडे कर लावलेली आडनावं पैशाला पासरी मिळतात, हे मी आयर्लंडभर समजावत फिरतो. तो म्हणाला, "आमच्याकडेही होता तुमचा एक, सुनक, आमच्या यॉर्कशरमधूनच निवडून येतो." तोही माझा कोणी नाही.

"आणि तू आयरिश कसा?" मी विचारलं. तर आजी काउंटी मेयोची. आजी आयर्लंडात जन्मलेली असली की नातवाला नागरिकत्वाचा हक्क, तसा कायदाच आहे. याचा इथे फ्लॅट, पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून याला आजी आठवली. २७८ युरो भरून नाव नोंदवलं, मग पासपोर्ट. आयर्लंडला गेलायस का कधी? "एकदा डब्लिन एअरपोर्टवर विमान बदललं होतं."

आणि मी? वर्षानुवर्षांची वीजबिलं, बँक स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, अर्जाला १७५ युरो, मंजूर झाल्यावर वर ९५०, किलार्नीला हजारो लोकांत उभं राहून एकनिष्ठतेची शपथ, आणि भारतीय पासपोर्ट सरेंडर करून आता मायदेशी जायला परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड. वडील तो रद्द झालेला पासपोर्ट हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नव्हते. एवढं करून मला सांग्रियाचा मेन्यू. ती मुलगी बिचारी स्पॅनिश, तिला काय बोलणार? पण लेप्रेकॉनचा कोट दिसतो आणि ९५० युरो दिसत नाहीत, याला काय करायचं सांगा.

मी शेवटी ज्ञान पाजळलं. म्हटलं, हा दिवस असा ढोसायचा नव्हताच मुळी. १९२७च्या कायद्यापासून १९६०पर्यंत आयर्लंडात १७ मार्चला पब बंद, चक्क ड्राय डे, आणि डब्लिनच्या डॉग शोमध्ये तेवढी मिळायची म्हणून त्या दिवशी भल्याभल्यांना कुत्र्यांचं प्रेम यायचं. याला ते प्रचंड आवडलं. मग मी हुकमाचा पत्ता काढला, की तुमचा पॅट्रिक आयरिश नव्हताच, ब्रिटनमधला, चाचे पळवून घेऊन गेले त्याला. वाटलं, आता गप्प बसेल. तर टेबलावर थाप मारून ओरडला, "तेच तर! एक नंबर आयरिश आमच्याकडूनच जातात!" सगळा पब टाळ्या वाजवतोय, आणि बायकोही.

निघताना दाढी खाली ओढून एकदम सिरियस झाला. म्हणाला, आता पासपोर्ट आहे तर एकदा खरंच आयर्लंड बघावं म्हणतोय, कधी येऊ, हवा कशी असते?

म्हटलं, नोव्हेंबरात ये, पश्चिम किनाऱ्याला. शॉर्ट्स घेऊन ये, छत्रीबित्री काही लागत नाही. त्याने ते सगळं फोनमध्ये टाइप करून घेतलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून मला दाखवलं.