सॉफ्टवेअर घेतलंत, पण स्टोअरकीपरला शिकवलंत का?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये स्टॉक-हिशोबाचं नवं सॉफ्टवेअर आलं की ट्रेनिंग मिळतं ते अकाउंटंटला. दोन तास, तेही विक्रेत्याच्या डेमो डेटावर. टेम्पोतून माल उतरवून घेणाऱ्या स्टोअरकीपरला कोणी बोलावतच नाही. आणि आकडे बिघडायला सुरुवात होते ती नेमकी त्याच्या टेबलावर.

समजा, २५ मिमी व्यासाचे, तीन मीटर लांबीचे ४३ राउंड बार (स्टीलचे गोल गज) आले. स्टीलच्या वजनाचं सूत्र व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ३.८६ किलो, सगळे मिळून साधारण ४९८ किलो. ८० रुपये किलोने बिल ३९,८४० रुपये. सिस्टिममध्ये आयटमचं युनिट किलो आहे, स्टोअरकीपरने मोजलेत नग. तो ४३ टाकतो. अकाउंटंट बिलाची रक्कम तीच ठेवतो, आणि सॉफ्टवेअर दर काढतं किलोला साधारण ९२७ रुपये! दुसऱ्या दिवशी १२० किलो मशीनवर गेले की स्टॉक उणे ७७. मग ‘सॉफ्टवेअरच चुकीचं दाखवतंय’ म्हणत जुनी वही पुन्हा बाहेर निघते, आणि त्या पार्टचं कॉस्टिंग कोणाला विचारायचं हेच कळेनासं होतं.

यात त्या माणसाची काय चूक? बार नगावरच मोजतात. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, किलोच्या जोडीला नग हे अल्टरनेट (पर्यायी) युनिट लावायचं आणि कुठला आकडा कुठल्या खान्यात जातो ते त्याला दाखवायचं, हे दहा मिनिटांचं काम राहून गेलं.

म्हणून माझं म्हणणं आहे, शिकवायला सुरुवात गेटपासून करा. आपल्याच डेटाचा बॅकअप घ्या, तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा आणि कंपनीच्या नावापुढे ‘सराव’ लिहा, नाहीतर कोणीतरी खऱ्या खात्यात खोटी एन्ट्री करून बसेल. मागच्या आठवड्यात मालासोबत आलेली वीस डिलिव्हरी चलनं समोर ठेवा. एका संगणकावर दोघं, फार तर तिघं. वेळ पाऊण तास, शिफ्टच्या सुरुवातीला. दिवसभर दमलेल्या माणसाला संध्याकाळी सहाला बसवून काही डोक्यात जात नाही. माऊस शिकणाऱ्याच्याच हातात हवा. शिकवणारा भराभर क्लिक करत गेला की सगळे माना डोलावतात आणि सकाळी कोरी पाटी.

सरळ एन्ट्री कोणालाही लवकर येते. खरी गरज असते बिघडलेल्या कागदांची: माल कमी आला, दर पीओपेक्षा (खरेदी ऑर्डरपेक्षा) जास्त लागला, पाच नग रिजेक्ट होऊन परत गेले. वीसपैकी निदान सहा चलनं अशी निवडा. डिस्पॅचवाल्यालाही बसवा. तुमच्याकडे ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू असेल तर तो पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढावी लागते. हे त्याला माहीत नसेल तर चुकीचं बिल दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

तारखाही सांभाळा. जीएसटीच्या मासिक रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-१ची ११ आणि ३बीची २० तारीख जवळ आली की ऑफिसात कोणाचं लक्ष नसतं. २१ नंतरचा आठवडा बरा. पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाऊसना तर हंगाम सुरू झाल्यावर श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यांनी डिसेंबरपूर्वीच उरकावं.

प्रत्येकाचा लॉगिन वेगळा हवा. सगळे एकाच पासवर्डने काम करत असतील तर एडिट लॉगमध्ये (कोणी काय बदललं त्या नोंदीत) एकच नाव दिसतं, आणि कोणाला काय पुन्हा शिकवायचं ते कळत नाही.

ट्रेनिंग झाल्यावर निदान महिनाभर, आठवड्यातून एकदा, कोणतेही दहा आयटम रॅकवर मोजून स्क्रीनशी ताडून बघा. फरक दिसला तर ती एन्ट्री उघडा, ज्याने केली त्याला शेजारी बसवा आणि त्याच्याच हाताने दुरुस्त करून घ्या. चार माणसांत ओरडू नका. पुढच्या वेळी तो फरक सांगणार नाही, जुळवून टाकेल.