सोनोग्राफी पोटावरून होते, मग जेली कशाला लावतात?

रविवारी सकाळी दाजींचा फोन. "अरे, मासा राहू दे, मशीनवर तळ पण दिसंना." पैठणला जाऊन पाहिलं तर नवाकोरा फिशफाइंडर (पाण्यात ध्वनी सोडून परतणाऱ्या ध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं यंत्र), आणि त्याचा सेन्सर लाकडी होडीत आतून सिलिकॉनने चिकटवलेला! कुणी सांगितलं? व्हॉट्सॲपनं. नाथसागरावरच्या ग्रुपांत तो मेसेज महिनाभर फिरतोय: 'होडीला भोक पाडू नका. सेन्सर कोणत्याही होडीत आतून सिलिकॉनने चिकटवा, सोनोग्राफी पोटाबाहेरूनच होते ना? बाहेर लावायचाच तर पंख्याच्या मागे, बुडापेक्षा चार बोटं वर लावा.'

सोनोग्राफी होते की पोटाबाहेरून. मग डॉक्टर आधी ती गारगार जेली काय शोभेला थापतात? कातडी आणि यंत्र यांच्यात हवेचा पापुद्रा जरी राहिला तरी ध्वनी तिथूनच माघारी फिरतो, म्हणून ती जेली. फिशफाइंडरचंही तेच. पाण्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर पळतो, पण पुढं हवा आली की जवळजवळ सगळा परततो. आणि लाकडाच्या रंध्रारंध्रांत हवाच असते. वरून डांबर, फटीत भरलेला काथ्या. दाजींचा सेन्सर दोन दिवस फळीच मोजत बसला होता.

'कोणत्याही' हा शब्द काढला तर मेसेजात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. बूड निव्वळ भरीव फायबरचं असेल, मध्ये फोम किंवा प्लाय नसेल, तर सेन्सर आतून चालतो. पण तो एपॉक्सीत बसवायचा, एकही बुडबुडा न ठेवता. सिलिकॉन मऊ राहतं आणि ध्वनी खातं. शिवाय तापमान दिसेल ते बुडाचं, पाण्याचं नाही. चिकटवण्याआधी आत थोडं पाणी ओतून त्यात सेन्सर धरा, मग बाहेर पाण्यात धरा. खोली सारखी आली तरच पुढे जा.

पंख्याच्या मागे म्हणे! लिहिणाऱ्यानं चालती होडी लांबून तरी पाहिलीय का? पंखा पाणी घुसळतो, फेस होतो, फेस म्हणजे परत हवाच. गार्मिनच्या बसवणीच्या कागदात सरळ लिहिलंय: एका इंजिनाच्या बोटीवर सेन्सर पंख्याच्या वाटेत नको, त्यानं पंखाही खराब होऊ शकतो. आणि तो फायबरच्या बुडापेक्षा 3 मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या बुडापेक्षा 10 मिलिमीटर खाली हवा. खाली. चार बोटं वर लावला तर होडी पळाली की सेन्सर उघडा पडणार. दाजींचं यंत्र त्याच कंपनीचं. कागद डब्यातच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दगड लागायची भीती खोटी नाही. त्यासाठी धक्का बसला की वर उचलला जाणारा ब्रॅकेट मिळतो.

दाजींच्या होडीला भोक पाडावंच लागलं नाही. सेन्सर नळीच्या टोकाला आवळला आणि नळी क्लॅम्पनं कडेच्या फळीला धरून बुडाच्या जरा खाली सोडली. जाळं टाकायला दाजी सावकाशच जातात, तेवढ्या वेगाला हे पुरतं. पडद्यावर 18 फूट आलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून दगड बांधून दोरी सोडली. दोरी दोन वीत जास्त भरली. "बघ, चुकलं तुझं मशीन!" सेन्सर पाण्याखाली दोन वीतच होता.