१२.४ टक्के पोपट

शुक्रवारी सकाळी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलावर पोपट. प्लास्टिकचा, हिरवागार, पोटाखाली चावी. चावी फिरवली की मान डोलावतो. कोणी ठेवला ते सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

आमची कंपनी पंखे आणि कूलर विकते. मे महिन्यात किती खपतील हे मार्चमध्ये सांगायचं काम माझं. यंदा, म्हणजे २०२५ साली, माझ्या नावावर आकडा होता १२.४ टक्के वाढ. मुंबईत पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून. तो २६ मेलाच हजर! आता भिवंडीच्या गोदामात कूलर एकमेकांच्या डोक्यावर बसलेत, आणि गुरुवारच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब (वय चौतीस, माझ्याहून बारा वर्षांनी लहान) सगळ्यांदेखत म्हणाले, "यापेक्षा फुटपाथवरचा पोपट बरा. कार्ड तरी उचलतो."

मी सहा म्हटलं होतं. मेल आहे माझ्याकडे. वरून निरोप आला, "बाराच्या खाली वाईट दिसतं." म्हणून मी बारा केले. पुढचे .४ तेवढे माझे. दशांश चिन्ह दिसलं की लोकांना वाटतं, कुणीतरी बसून मोजलंय.

दुःखात माणूस वाचतो. मी या धंद्याची कुळकथा वाचून काढली. ग्रीसमध्ये डेल्फीला अपोलोच्या देवळात पिथिया नावाची बाई तिवईवर बसून भविष्य सांगायची. महिन्यातून एकच दिवस, आणि हिवाळ्यात देव बाहेरगावी म्हणून बंद. शिवाय आधी एका बोकडावर गार पाणी शिंपडायचे. तो नखशिखांत थरथरला नाही तर त्या दिवशीचं काम रद्द. असा एक बोकड आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बांधा, मी त्याचा चारा पदरचा घालीन.

लिडियाचा राजा क्रीसस मात्र आमच्या साहेबांच्या जातीचा. त्याने म्हणे आधी ठिकठिकाणच्या देवळांत माणसं पाठवली आणि ठरल्या दिवशी विचारायला लावलं, "आमचे महाराज या घडीला काय करताहेत?" महाराज पितळी हंड्यात कासव आणि कोकरू एकत्र शिजवत होते. डेल्फीने ते बरोबर ओळखलं. मग त्याने खरा प्रश्न टाकला, पर्शियावर चाल करू का? उत्तर आलं, केलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल. गडी खूश होऊन गेला आणि स्वतःचंच बुडवून बसला. पुढे त्याने स्वतःच्या बेड्या देवळाच्या उंबऱ्यावर पाठवून तक्रार केली, तेव्हा देवळाने सुनावलं, कुणाचं साम्राज्य ते विचारायचं होतंस. हे वाक्य मी गुरुवारी म्हणायला हवं होतं. सुचलं शुक्रवारी.

पोपट ऑफिसात ठेवण्यात अर्थ नव्हता, सोमवारपर्यंत त्याच्या गळ्यात माझ्या नावाची पाटी आली असती. बॅगेत कोंबला. चेन लागेना. डोकं बाहेर. संध्याकाळी दादरला मुलुंडसाठी स्लो पकडली. नशिबाने चौथी सीट मिळाली, म्हणजे निम्मा मी सीटवर आणि निम्मा देवाच्या हवाली.

खिडकीतले काका पोपटाकडे टक लावून होते. कुर्ला गेल्यावर म्हणाले, "बसता कुठे?"

"इथेच. चौथ्या सीटवर."

"तसं नाही हो. धंद्याला कुठे बसता?"

"मी जोतिषी नाही, काका. कंपनीत आहे. पुढे माल किती खपेल त्याचा अंदाज देतो."

"म्हणजे तेच की."

यावर मला काही सुचलं नाही.

"येतो बरोबर?"

"यंदा नाही आला."

"तरी पगार देतात?"

"देतात."

काकांनी शेजारच्या दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की आयुष्यात आपण भलत्याच लाइनीत गेलो. मग पुढे वाकून म्हणाले, "आमच्या बिल्डिंगचं बघा जरा. २०१९ ला पाडली. बिल्डर म्हणाला २०२२ च्या गणपतीला ताबा. मग म्हणाला २०२३ ची दिवाळी. भाडं आठ महिने बंद आहे."

"आता काय म्हणतो?"

"आता 'लवकरच' म्हणतो. तारीख द्यायचा तेव्हा आम्ही त्या तारखेला भांडायला जायचो हो, सगळी सोसायटी. 'लवकरच'शी कसं भांडणार?"

"काका, मला खरंच यातलं कळत नाही."

"अहो, तुम्हाला कोण विचारतंय? पोपटाला विचारा."

विद्याविहारला चार डोकी वळली. घाटकोपरला आठ झाली. मी चावी फिरवली. पोपट डोलला. काकांनी चक्क हात जोडले. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, आवाज जड करून म्हणालो, "एक मोठी इमारत पडेल."

"अहो, पडली की! २०१९ ला!"

"बरोब्बर सांगितलं," शेजारचा म्हणाला.

"न सांगता कळलं ह्यांना," काका म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. भांडुपला उतरताना त्यांनी दहाची नोट माझ्या शर्टाच्या खिशात खोचली आणि पोपटाला नमस्कार केला. मला नाही.

हसून सोडून देता आलं असतं, पण खुपतंय. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं ठेवतात आणि पहाटे बघून भाकीत सांगतात. पटो न पटो, त्या ढेकळाला कोणी "बाराच्या खाली वाईट दिसतं" म्हणत नाही. आणि तो येल विद्यापीठातला अर्व्हिंग फिशर, मोठा अर्थतज्ज्ञ. ऑक्टोबर १९२९ मध्ये म्हणाला, शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचल्यासारखे दिसतात. त्याच महिन्यात बाजार कोसळला आणि त्याची स्वतःची पुंजीही गेली. निदान पैसे स्वतःच्या मतावर लावले होते त्याने. इथे आकडा वरचा, शीटवर नाव माझं, आणि इन्क्रिमेंटही माझंच कापलं. वरचे पाच जण त्या मीटिंगमध्ये बिस्किटं खात होते. क्रीमची.

सोमवारी साहेबांची मेल आली. दिवाळीपर्यंतचा फोरकास्ट आजच पाठवा.

मी लिहिलं, "किती हवाय, सर?"

दोन मिनिटांत उत्तर आलं. "नऊच्या खाली नको."

मी ९.३ टाकले.