३७-०

रविवारची रात्र उलटून सोमवार लागला होता, ८ एप्रिल २०२४. मंगळवारी पाडवा, म्हणून दही फडक्यात बांधून नळाला टांगलेलं आणि खाली पातेल्यात एकेक थेंब पडत होता. घर झोपलेलं. मी आवाज अगदी बारीक करून क्लीव्हलंडची फायनल बघत होते. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची, साउथ कॅरोलिना विरुद्ध आयोवा.

खोटं कशाला बोलू, मीही आयोवाच्या केटलिन क्लार्कसाठीच जागी होते. सगळेच तिच्यासाठी बसले होते. तिकडे १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी हा सामना टीव्हीवर पाहिला, पुरुषांच्या फायनलपेक्षाही जास्त. आणि क्लार्कने सुरुवातही तशीच केली. आयोवा बघता बघता १०-० ने पुढे. पहिल्या दहा मिनिटांत तिचे एकटीचे १८ पॉइंट्स. मला वाटलं, संपलं, मागच्या वर्षीसारखीच साउथ कॅरोलिना पुन्हा आयोवाकडून हरणार.

मग साउथ कॅरोलिनाच्या बेंचवरून मुली उठायला लागल्या.

सामना संपला तेव्हा स्कोअर होता ८७-७५. पण माझ्या डोक्यात त्या दिवसापासून रुतून बसलेला आकडा वेगळाच आहे. साउथ कॅरोलिनाच्या बेंचवरून आलेल्या मुलींचे पॉइंट्स ३७, आयोवाच्या बेंचचे शून्य. आयोवाचे ७५ च्या ७५ पॉइंट्स पहिल्या पाच जणींनी केले होते. आणि साउथ कॅरोलिनाकडून सगळ्यात जास्त पॉइंट्स कोणाचे? टेसा जॉन्सनचे, १९. पहिल्या वर्षाची मुलगी, सुरुवातीच्या पाचात नसलेली.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे या टीमबद्दल एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘त्यांच्याकडे काय, चांगल्या मुलींचा ढीगच आहे, जिंकणारच.’ मला हे वाक्य मनापासून खटकतं. ढीग असला की टीम होत नाही. त्या ढिगातल्या नवव्या मुलीला डिसेंबरमध्ये कोर्टवर कोण उतरवतं, ती चुकली तरी तिला कोण ठेवतं, यावर ती एप्रिलमध्ये उभी राहणार की थरथरणार हे ठरतं.

मी हे ठामपणे सांगते, कारण मी बेंचवर बसलेली आहे. कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं. कोणतं कॉलेज, कोण सर, ते जाऊ दे. आमच्या टीममध्ये बारा जणी आणि खेळायच्या सहा. उरलेल्या सहा जणी वॉर्म-अपला पूर्ण जोर लावायचो, टाळ्या वाजवायचो, टाइमआउटला पाण्याच्या बाटल्या पुढे करायचो. खेळणाऱ्या मुलींची कानातली, अंगठ्या, गळ्यातल्या चेन माझ्या रुमालात बांधून माझ्याकडे असायच्या. सामना संपेपर्यंत ती गाठ मी मुठीत धरून बसायचे. झोनलच्या एका सेमीफायनलला आमच्या सेंटरचे, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या मुलीचे, पाच फाउल होऊन ती बाहेर गेली आणि सरांनी माझ्याकडे बोट केलं. साडेतीन मिनिटं उरलेली, आम्ही दोनने मागे. मी आधी रुमाल कोणाकडे द्यायचा ते शोधत होते. पाय गार पडले होते. पहिला पास आला तो हातातून निसटला, कारण त्या सीझनमध्ये खऱ्या सामन्यात तसा जोरदार पास मला कोणी दिलाच नव्हता. आम्ही हरलो. ‘बेंच कमजोर आहे’ असं सर नंतर म्हणाले. आजही ते आठवलं की राग येतो. आमचा बेंच कमजोर नव्हता, त्याला कोणी खेळवलंच नव्हतं.

म्हणून साउथ कॅरोलिनाच्या कोच डॉन स्टेली काय करतात ते मी इतकं बारकाईने बघते. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतून आलेली ही बाई स्वतः पॉइंट गार्ड होती, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी. खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, १९९६, २००० आणि २००४. २००८ पासून इथे कोच. २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदं तिथेच मिळवलेली.

आता २०२३ ची गोष्ट. तेव्हाही ही टीम ३६-० अशी अजिंक्य होती आणि डॅलसच्या सेमीफायनलला आयोवाकडून ७७-७३ ने हरली. क्लार्कचे ४१ पॉइंट्स. त्या सामन्यातला एक क्षण खूप फिरला. साउथ कॅरोलिनाची रेव्हन जॉन्सन थ्री-पॉइंट लाइनच्या बाहेर, जिथून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट्स मिळतात तिथे, बॉल घेऊन मोकळी उभी आहे आणि क्लार्क तिला अडवायला पुढेच येत नाही, नुसता हात झटकते. टाक, तुला कोण विचारतंय, अशा अर्थाने. सगळ्या देशाने पाहिलं.

त्यानंतर साउथ कॅरोलिनाची सुरुवातीची फळीच निघून गेली. अलिया बॉस्टन, झिया कुक, ब्रिया बील, व्हिक्टेरिया सॅक्सटन, सगळ्या. कोणत्याही दुसऱ्या कॉलेजचा कणा मोडला असता. पण पुढच्या सीझनची पहिली पाच नावं बघा: रेव्हन जॉन्सन, ब्री हॉल, क्लोई किट्स, कमिला कार्डोसो आणि ओरेगॉनहून आलेली तेहिना पाओपाओ. पाओपाओ सोडली तर चौघीही आदल्या वर्षीच्या बेंचवरच्या. सहा फूट सात इंचाची ब्राझीलची कार्डोसो आदल्या वर्षी बॉस्टनच्या मागे बसत होती, २०२४ च्या फायनलला तिने १५ पॉइंट्स आणि १७ रिबाउंड काढले (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं म्हणजे रिबाउंड) आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

मुली घडवायची त्यांची ही पद्धत आहे. एक बॅच कोर्टवर, दुसरी तिच्या मागे तयार होतेय, आणि मागची बॅच रोज सरावात पुढच्या बॅचला भिडते. बॉस्टनला रोज अडवायची सवय झालेल्या कार्डोसोला बाहेरच्या कोणत्या सेंटरची भीती वाटणार?

२०२३-२४ चा सीझन पॅरिसला सुरू झाला, नोत्र देमविरुद्ध, १००-७१. त्या सामन्यात मायलेशिया फुलवायली बॉल पाठीमागून फिरवत पूर्ण कोर्ट पार करून गेली तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याला गणती नाही. तीही बेंचवरची, पहिल्या वर्षाची. फेब्रुवारीत कार्डोसो ब्राझीलसाठी खेळायला गेली तेव्हा तिच्याशिवाय कनेटिकटला ८३-६५ ने हरवलं. मार्चमध्ये ती निलंबनामुळे बाहेर होती तेव्हा एनसीएए स्पर्धेचा, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा, पहिला सामना ९१-३९ ने जिंकला. सेमीफायनलला नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध अ‍ॅशलिन वॉटकिन्सने बेंचवरून येऊन २० रिबाउंड घेतले. वीस! रिबाउंडला नुसती उंची पुरत नाही, प्रत्येक शॉटला जीव खाऊन आत घुसावं लागतं, खांदे लावावे लागतात. मी सेंटरला खेळले आहे, मला माहीत आहे.

आणि फायनल. क्लार्कला अडवणं म्हणजे चाळीस मिनिटं स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या तिच्या जोडीदारणींवर, आदळत, वळत, धावत राहणं. जिला माहीत असतं की आपण बाहेर गेलो तर टीम ढासळेल, ती आपोआप हात राखून खेळते. जिला माहीत असतं की तीन मिनिटं बसलो तरी मागची मुलगी तेवढीच ताकद लावणार, ती असेल नसेल ते सगळं ओतते. रेव्हनने ओतलं. हाफटाइमच्या जरा आधी तिने मध्यरेषेजवळ क्लार्कच्या हातातून बॉल काढून घेतला आणि सरळ जाऊन लेअप टाकला, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून बॉल आत टाकला. क्लार्कने जिच्याकडे बघून हात झटकला होता तीच रेव्हन. मी त्या वेळी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते.

पहिल्या क्वार्टरला १८ करणाऱ्या क्लार्कला उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२ करता आले. शेवटची चारेक मिनिटं उरली असताना आयोवा ८०-७५ पर्यंत आली होती, सामना पूर्ण उघडा होता. तिथून आयोवाचा एकही पॉइंट झाला नाही. क्लार्क फार मोठी खेळाडू आहे आणि तिच्या टीमने जीव तोडून खेळ केला, यात मला काही शंका नाही. फक्त त्या चार मिनिटांत एका बाजूचे पाय जड झाले होते आणि दुसऱ्या बाजूचे नव्हते. साउथ कॅरोलिना ३८-०.

याची किंमत असतेच, तीही सांगते. मिनिटं शेवटी मोजकी. पाच जागा, चाळीस मिनिटं, दोनशे मिनिटं सगळ्या मिळून. फुलवायली कोलंबिया शहराची, म्हणजे हे कॉलेज जिथे आहे त्याच गावची पोरगी. दोन वर्षं बहुतेक बेंचवरूनच आली. २०२५ च्या फायनलला साउथ कॅरोलिना कनेटिकटकडून ८२-५९ अशी सपाटून हरली आणि त्याच महिन्यात तिने कॉलेज बदललं, लुइझियाना स्टेटला गेली. मला वाईट वाटलं, पण मी तिला दोष देणार नाही. इतकी गुणी मुलगी, तिला सुरुवातीपासून खेळावंसं वाटणारच. आणि स्टेलींनाही देणार नाही. टेसाला मिनिटं द्यायची तर ती कोणाच्या तरी वाट्यातून येणार. दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि तरी दुखतं.

माझी भाची यंदा शाळेच्या टीममध्ये आली. बारातली दहावी. गेल्या रविवारी ती आली होती तेव्हा तिला मी ही फायनल लावून दिली, जेवता जेवता. टेसाने दुसरा थ्री टाकला तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

‘मावशी, ही पहिल्यापासून का नाही खेळत?’

मी म्हटलं, तिच्या पुढे अजून पाच जणी आहेत.

तिने थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग विचारलं, ‘मग तिला आधी किती मॅचमध्ये घेतलं होतं?’

हा प्रश्न तिने मला नाही, तिच्या सरांना विचारायला हवा. शनिवारी तिचा सामना आहे, मी जाणार आहे. तिची कानातली माझ्याकडे ठेवायला मी आधीच सांगून ठेवलंय.