बिनखर्ची नाताळ

नाताळ आणि पगार हे दोन्ही शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिले. देताना तारखांचा मेळ मात्र त्यांनी घातला नाही. पगार १ तारखेला होतो, नाताळ २५ तारखेला येतो आणि मधल्या दिवसांत पगाराचं काय होतं हे नोकरदार माणसाला सांगायला नको.

त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, आगमनकाळाची, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांची, पहिली मेणबत्ती लावून झाल्यावर, आमच्या लेकीनं जेव्हा जाहीर केलं की यंदा नाताळला पैसे कमी आणि वेळ जास्त खर्च करायचा, तेव्हा पहिली टाळी मीच वाजवली. आम्ही पुण्याच्या गुरुवार पेठेतले, पंचहौदाच्या देवळाजवळचे, म्हणजे चर्चजवळचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. उपासना कुठलीही असो, रक्त पेठेतलंच. गेल्या नाताळचा हिशेब माझ्या वहीत तयार होता : ११,४५० रुपये. त्यात ६५० रुपयांची दिव्यांची एक माळ होती, जी २६ तारखेला सकाळी गेली. प्रभूच्या जन्मापुरतीच आली होती बिचारी.

"पप्पा, बाळ येशूला मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी सोनं, ऊद, गंधरस आणला," लेक म्हणाली. "पण त्यांच्या आधी कोण पोचलं? मेंढपाळ. त्यांनी काय आणलं? काही नाही. नुसते वेळ काढून आले."

मला हे पटलंच. आत्याबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि मागं मेंढरं कुणी राखली?"

याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही. पुढचा महिनाभर मी ते शोधत होतो.

खरं तर आमच्या आळीला फुकटच्या गोष्टीची किंमत माहीत असायला हवी. १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप धरला. मग नावं छापून आली, ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहाचा दमडीचा खर्च कुणा पाहुण्याला पडला नाही, पण सगळ्या पुण्याचा वेळ किती गेला! हे उदाहरण घरापासून हाकेच्या अंतरावर असताना मी टाळी वाजवली, याला काय म्हणावं?

पहिला मान ताऱ्याचा. कॅम्पात तयार तारा मिळतो, साडेतीनशेला. लेकीच्या कायद्यात तो बसत नव्हता. म्हणून बुरूड आळीतून ४० रुपयांच्या कामट्या आणल्या. तारा करणं सोपं आहे, असं ज्यांनी केला नाही ते सांगतात. पाच-पाच कामट्यांचे दोन सपाट तारे बांधायचे, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून पाच टोकं बांधायची आणि आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत पाच आखूड काड्या अडकवायच्या, की तारा फुगतो. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा यावा लागतो. मला दहावीला भूमितीत काठावर सोडलं होतं, ते उगाच नाही. माझी चार टोकं ठीक आली आणि उरलेला सगळा हिशेब पाचव्या टोकानं भरून दिला. पाचवी काडी अडकवली की पहिली सुटायची. पहिली बसवली की बायको म्हणायची, "अहो, तिसरी बघा." तीन संध्याकाळी गेल्या. पतंगी कागद चिकटवायला मैद्याची खळ केली, तीत मोरचूद घालायला विसरलो. चौथ्या दिवशी सकाळी ताऱ्याचा पूर्वेकडचा हात झुरळांनी खाल्लेला.

ठिगळ लावून गॅलरीत टांगला. खालचे काका फिरायला निघाले होते, ते थांबले. वर बघत म्हणाले, "दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाहीत वाटतं?"

वहीत मी दोन रकाने आखले होते. रुपये : वाचले ३१०. तास : गेले ११. दुसऱ्या रकान्याकडे मी तेव्हा फारसं बघितलं नाही.

आता रजेचं सांगतो. माझ्या नावावर चार किरकोळ रजा शिल्लक होत्या. किरकोळ रजा ३१ डिसेंबरला रात्री मरतात, त्यामुळे डिसेंबरात त्या म्हाताऱ्या माणसासारख्या जपून वापरायच्या असतात. त्या चार दिवसांत दुपारी झोपायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी जानेवारीपासून बाळगली होती. पण वेळ खर्च करायचा तर तो कुणाचा, यावर घरात बैठक झाली. लेकीचं कॉलेज, बायकोची शाळा, आत्याबाईंचे गुडघे. 'तुमच्याकडे चार दिवस पडून आहेत' असा निर्णय एकमतानं झाला. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं हा प्रश्न होता. 'कुलकुल' असं लिहिता येईना. 'घरगुती अडचण' लिहिलं आणि ते खरंच होतं.

नाताळचा फराळ आमच्याकडे असतो. लोकांना आश्चर्य वाटतं. करंज्या असतात, शंकरपाळे असतात, चकल्या असतात; दिवाळी शेजाऱ्यांची झाली की महिना-दीड महिन्यानं आमच्या कढया चढतात. आणि असतात कुलकुल. हे मूळचे आमचे नव्हेत, गोव्याकडून आले. पण येऊन इतके दिवस झालेत की आता ते पेठेतलेच. मैदा, रवा, अंडं, नारळाचं दूध, साखर असं पीठ मळायचं. बोराएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दात्यांवर अंगठ्यानं दाबून चपटी करायची आणि अलगद गुंडाळत न्यायची, की शंखासारखी वळी होते. तिच्यावर बारीक रेघा उमटतात. मग तळायची.

दरवर्षी नवा कंगवा येतो. यंदा खर्च नाही. ड्रॉवरमधून एक कंगवा निघाला, तेलाच्या बाटलीबरोबर फुकट मिळालेला आणि कोराच राहिलेला, कारण मला तो वापरायला डोक्यावर विषयच उरलेला नाही. त्याचे मधले दोन दाते तुटलेले होते. आत्याबाईंनी उकळत्या पाण्यातून काढून तो माझ्या हातात दिला. चांगले कंगवे त्यांनी आणि बायकोनं घेतले. त्यामुळे माझ्या प्रत्येक कुलकुलच्या मधोमध एक गुळगुळीत पट्टा उमटे. थेट भांग पाडल्यासारखा. लेक इतकी हसली की तिची कडेला ठेवलेली वीस-पंचवीस कुलकुल पुन्हा गोळा झाली.

तीन किलो मैदा होता. मी हिशेब केला : एका तासात माझी सत्तर कुलकुल होतात. एका गोळीला पाऊण मिनिटाहून जास्त. तेवढ्या वेळात माणूस आमच्या दारातून देवळात पोचून परत येईल. आणि हात चिकट असल्यामुळे मोबाईल उचलता येत नाही, दाराची बेल वाजली तर उठता येत नाही, आत्याबाई बोलायला लागल्या तर पळता येत नाही.

आत्याबाई बोलायला लागल्या. नगरच्या आजोबांचं लग्न झालं. त्यांच्या घोड्याचं झालं. १९७२च्या दुष्काळात त्यांच्या सासूबाईंनी करंजीत खोबऱ्याऐवजी वाटपात मिळालेली सुकडी भरली होती, ते झालं. "आणि चांगल्या लागल्या बरं," त्या म्हणाल्या. "पोरांना कळलंच नाही. मला कळलं, कारण भरायला मीच होते." मग बराच वेळ कुणी बोललं नाही, नुसता तेलाचा आवाज. मग त्यांनी माझा कंगवा बघितला आणि म्हणाल्या, "बाळ, जरा जोर लाव. शंख व्हायला हवा, गोगलगाय नको."

आणि इतकं करून चाखायचं नाही. नाताळच्या आधी तोंडाला लावायचं नाही हा आत्याबाईंचा नियम, शिवाय अकरा घरांची ताटं मोजून व्हायची होती. माझ्या हातून सहाशेच्या वर कुलकुल गेली. पोटात एक नाही.

केकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तोही थोडक्यातच फुगला.

२० तारखेला तरुण संघाची मंडळी गाणी गायला येणार होती. रात्री ११ची वेळ दिली होती, आली सव्वादोनला. ढोलकी, गिटार, लाल टोपीतला एक सडपातळ सांता आणि मागं वीस-बावीस पोरं. तोवर जागं राहणं हीही वेळेचीच देणगी, असं लेक म्हणाली आणि साडेबाराला झोपून गेली. पोरं गायली मात्र झकास. खालचे काका गॅलरीत आले. मला वाटलं, आता ऐकवतात. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ढोलकी जरा चढी लागलीय." वेळेबद्दल अवाक्षर नाही.

आता भेटवस्तू. विकतची भेट बंद, प्रत्येकानं प्रत्येकाला वेळ द्यायचा, तोही चिठ्ठीवर लिहून. मला लेकीकडून चिठ्ठी आली : 'मोबाईल शिकवीन, न चिडता, १ तास.' बायकोकडून : 'रविवारी दुपारी उठवणार नाही. एकदाच.' ही मी पाकिटात जपून ठेवलीय. आणि मी आत्याबाईंसाठी, चार दिवसांच्या रजेतल्या शेवटच्या दिवसाच्या भरात, लिहून बसलो : 'एक अख्खा दिवस. म्हणाल तिथं नेईन.'

माझी समजूत, त्या सारसबाग म्हणतील. फार तर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जाऊ म्हणतील. तिथं त्यांची बालपणीची मैत्रीण आहे. आत्याबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "२४ तारखेला. ताटं वाटायला."

अकरा ताटं. स्टीलची, प्रत्येकावर नाव घातलेलं. वर क्रोशाचा रुमाल. स्कूटरच्या पुढं पायाशी चार, हुकाला पिशवीत तीन, उरलेली चार आत्याबाईंच्या मांडीवर. आणि २४ डिसेंबरचं पुणं.

क्वार्टर गेटला पहिलं घर. तिथल्या सिटी चर्चसमोर सिग्नलला थांबलो तर आत्याबाईंनी मागून सांगितलं, "हे १७९२चं. सवाई माधवरावांनी जागा दिली होती." मी म्हटलं, "म्हणजे फुकट." त्या म्हणाल्या, "फुकट कसं? फौजेत गोवेकर लढत होते त्यांच्या." सिग्नल हिरवा झाला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून पेशवाई संपवली.

फराळाचं ताट देणं म्हणजे दारात देऊन निघणं, असं मला वाटायचं. कारण आजवर मी तेच केलं. गेली काही वर्षं तर मिठाईचा खोका माणसाहाती पाठवायचो. ताट घेऊन स्वतः गेलं की बसावं लागतं. बसलं की चहा. चहाबरोबर त्यांचा केक. केकबरोबर त्यांच्या मुलाचं न जमलेलं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, पार्किंगवरून झालेलं भांडण. आणि ताट रिकामं परत द्यायचं नसतं. आपलं फराळ काढून घेतात, त्यांचं भरून देतात. म्हणजे सात घरं झाली तरी स्कूटरवरचं वजन तसूभर कमी झालं नव्हतं.

घोरपडीच्या मामींनी पाऊण तास बसवलं. वडगाव शेरीला, नगर रोडवर, एका टेम्पोमागं आम्ही इतका वेळ उभे होतो की आत्याबाईंनी टेम्पोवाल्याला शंकरपाळे दिले. त्यानं "मावशी, तुम्ही पुढं व्हा" म्हणून चक्क जागा करून दिली. खडकी बाजारात वळताना समोरून घोरपडीच्या मामींचा मुलगा बाईकवरून येताना दिसला. मागं त्याची आजी, मांडीवर ताटं. आम्ही एकमेकांकडे फक्त बघितलं. दोन कैदी बघतात तसं.

खडकीला आठवा, नववा आणि दहावा चहा झाला. वहिनींनी भरलेला डबा हातात ठेवला. "राहू द्या हो," मी म्हटलं. "तुमच्या हातचं नको म्हणून नाही, पण..." आत्याबाईंनी पाठीत बोट खुपसलं. डबा घेतला.

परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. कॅम्पात एम. जी. रोडला माणसांचा समुद्र, म्हणून मागच्या गल्ल्यांतून काढली. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाल्या, "त्या वडगाव शेरीच्या सुशीला... माझी आणि तिची गाठ सहा वर्षांनी पडली. खोका मात्र दरवर्षी जात होता, नाही?"

मी आरशात बघितलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

मध्यरात्रीच्या उपासनेला मी दोनदा पेंगलो. दोन्ही वेळा घंटांनी उठवलं. मनोऱ्यात आठ घंटा आहेत आमच्या. त्यांच्यापुढं कुणाची पेंग टिकत नाही. बाहेर पडताना सगळ्यांना सलाम, मिठ्या, शुभेच्छा. खालचे काका मफलर गुंडाळून दारात उभे होते, "घंटा ऐकायला आलो" म्हणाले. त्यांना ताट उद्या देऊ, असं आत्याबाई म्हणाल्या. म्हणजे बारावं.

घरी यायला दीड वाजला. वहीचे दोन्ही रकाने बघितले. रुपये : खर्च २,१८०. तास : ९७, यात ढोलकीची वाट बघणं धरलेलं नाही. भूक लागली होती. अकरा चहा आणि पोटात अन्न नाही, अशी विचित्र भूक. खडकीचा डबा टेबलावर होता. आता २५ तारीख लागली होती. आत्याबाईंचा नियम संपला होता.

झाकण उघडलं. वर करंज्या, मग चकली, खाली कुलकुल. एक उचललं. दिव्याखाली धरून बघितलं.

मधोमध भांग.

घोरपडीला दिलेलं, तिथून बाईकवरून खडकीला गेलेलं आणि खडकीहून माझ्याच स्कूटरवर परत आलेलं. मी ते तोंडात टाकलं. जरा मऊ पडलं होतं. नारळाचं दूध मात्र बरोबर लागत होतं.

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "बाळ, डबा धुऊन ठेव रे. त्याच्यावर त्यांचं नाव आहे."