भरतीसाठी गोळ्या बंद करू नका

गेल्या महिन्यात दिवेलागणीच्या वेळी वाडीतला एक पोरगा मामाला घेऊन घरी आला. मामाच्या हातात कापड दुकानाची पिशवी आणि पिशवीत सातारच्या एका मानसोपचार डॉक्टरांची फाईल. दीड वर्षाचे कागद होते त्यात. चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं, सगळं तारखेनं लावलेलं. मामा उभ्या उभ्याच म्हणाला, "मेजर, पोराचं ग्राऊंड एक नंबर निघतंय. सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत मारतंय. भरती अकॅडमीतले सर म्हणाले, ही फाईल बंबात घाला आणि गोळ्या आजपासनं बंद. तुम्ही मेडिकल कोअरचे. किती दिवस आधी बंद केल्या म्हणजे मेडिकलला काही घावणार नाही, तेवढं सांगा."

पोरगा मान खाली घालून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

आमच्याकडं पेन्शनला आलेला कुठलाही फौजी मेजरच असतो. मी हवालदार. आर्मी मेडिकल कोअरमध्ये सतरा वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो आणि त्यातली सहा वर्षं मानसोपचार वॉर्डात गेली. म्हणून लोक माझ्याकडं येतात. त्या पोराला विचारून, त्याची परवानगी घेऊन हे लिहितोय, कारण या वर्षात असा प्रश्न घेऊन आलेला तो तिसरा.

मी लगेच उत्तर दिलं नाही. मला वॉर्डातला एक रिक्रूट आठवला. त्याची ओळख पटेल असं काही इथं लिहिणार नाही. वय एकोणीस, आपल्याच राज्यातला. अकरावीत असताना एकदा आजारी पडला होता. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार. औषधानं चांगला बरा झाला. भरती जवळ आली तशा घरच्यांनी गोळ्या थांबवल्या आणि मेडिकलला कुणी काही सांगितलं नाही. ट्रेनिंग सेंटरला पोचल्यावर पहाटे चारला उठणं, दिवसभर ड्रिल, रात्री गार्ड. झोप तुटली आणि आजार उसळला. पण तो कसा उसळला बघा. एका रात्रीत त्यानं अख्ख्या बराकीचे बूट पॉलिश केले. चाळीस जोड. सकाळी ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या रात्री त्यानं सगळ्यांच्या बेल्टचं पितळ घासलं. तिसऱ्या रात्री दोन वाजता तो परेड ग्राऊंडवर एकटा उभा राहून मोठमोठ्यानं कमांड देत होता. समोर कुणी नव्हतं.

वॉर्डात आला तेव्हा नियमाप्रमाणं त्याच्या बुटाच्या नाड्या आणि बेल्ट आम्ही काढून ठेवले. तो रोज माझ्याकडं ब्रश आणि पॉलिशची डबी मागायचा. पाच-सहा आठवड्यांनी शुद्धीवर आल्यासारखा झाला तेव्हा म्हणाला, "उस्ताद, त्या रात्री मला वाटत होतं की मी आता खरा फौजी झालो."

त्याला बोर्ड-आऊट केलं, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून घरी पाठवलं. न्यायला वडील आले होते. पोराची ट्रंक डोक्यावर घेऊन ते गेटपर्यंत चालत गेले, रिक्षा थांबवायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

म्हणून मामाला मी म्हटलं, "दाजी, किती दिवस आधी हे विचारूच नका. तारीख मी सांगणार नाही."

आता जरा सविस्तर सांगतो, कारण अकॅडमीत हे कुणी सांगत नाही. नैराश्यावरची गोळी एकदम सोडली तर काहींना चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असा त्रास काही दिवसांत सुरू होतो. काहींना सुरुवातीला काहीच होत नाही आणि हाच मोठा धोका. पोराला वाटतं, बघा, गोळीची गरजच नव्हती. मेडिकल पार पडतं. आजार परततो तो पुढं काही महिन्यांनी, जेव्हा पोरगा घरापासून दोन हजार किलोमीटरवर असतो आणि खांद्याला रायफल असते. बायपोलरवर देतात ते लिथियम तर शरीरातल्या पाण्यावर आणि मिठावर अवलंबून असतं. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. जैसलमेरच्या वाळूत किंवा बर्फातल्या चौकीवर ही तपासणी कशी होणार? फौज अशा पोराला नको म्हणते त्यामागं हे कारण आहे. यात पोराचा अपमान नाही.

पण फौजेच्या नियमाबद्दलही मला बोलायचंय, आणि ज्या वर्दीनं मला घडवलं तिच्याबद्दलच्या आदरानंच बोलतोय. नोकरीत असलेल्या जवानाला नैराश्य आलं तर काय होतं? त्याला दाखल करतात, औषध देतात, मेडिकल कॅटेगरी खाली येते. शेप ही जवानाची तब्येत मोजायची फौजेची पाच अक्षरी पट्टी, तिच्यातला पहिला एस मनाचा असतो; एस-१ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. एस-१ चा एस-३ होतो, हत्यार काढून घेतात, हलकी ड्युटी देतात. काही महिन्यांनी पुन्हा बोर्ड बसतं. बरा झाला तर कॅटेगरी वर येते. माझ्या हातून गेलेले कितीतरी जवान असे परत एस-१ होऊन युनिटला गेले, पुढं नाईक झाले, हवालदार झाले. म्हणजे माणूस यातून बरा होतो हे फौजेला पक्कं माहीत आहे. मग गेटच्या बाहेरच्या पोराला हा हिशेब का लागू नाही? भरतीच्या मेडिकलमध्ये मानसिक आजाराचा इतिहास हे अपात्रतेचं कारण आहे. दहावीला असताना बाप गेला, पोरगं चार महिने खचलं, औषध घेतलं आणि त्यानंतर तीन वर्षं ठणठणीत आहे, तरी चिठ्ठी दाखवली की दार बंद. आणि त्याच्याच शेजारचा, जो तसाच खचला होता पण डॉक्टरकडं कधी गेलाच नाही, तो मात्र पास. उपचार घेतल्याची शिक्षा आणि न घेतल्याचं बक्षीस, असं होतंय हे.

अमेरिकेच्या फौजेत जुन्या नैराश्याबाबत बरं होऊन किती काळ लोटला ते बघतात, आणि काही जणांना सवलतीसाठी अर्ज करता येतो. आपल्याकडंही स्किझोफ्रेनिया, बायपोलर एकीकडं आणि एकदा येऊन गेलेलं नैराश्य दुसरीकडं, एवढा फरक करायला हवा. मानसोपचार तज्ज्ञांच्या बोर्डानं एकेक पोरगं तपासून ठरवावं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, देशातले उत्तम लष्करी मानसोपचार तज्ज्ञ आहेत. त्यांना हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

नियमात आणखी एक गाठ आहे. अग्निवीराचं वय साडेसतरापासून विशीच्या थोडं पुढपर्यंत. आणि मोठ्या मानसिक आजारांपैकी बहुतेकांची सुरुवात होते तीही विशी-पंचविशीच्या आतच. म्हणजे ज्या तीन-चार वर्षांत पोराला शांतपणे उपचार मिळायला हवेत, त्याच तीन-चार वर्षांत त्याला पळायचंय, लेखी द्यायचीय आणि 'वय निघून चाललंय' हे रोज ऐकायचंय. २०२२ ला अग्निपथ ही भरतीची योजना आल्यापासून तर धास्ती दुप्पट. निवड झाली तरी चार वर्षं, त्यातून कायम होणार चारात एक.

आमच्या सातारा जिल्ह्यात हे जास्त लागतं. शेजारी अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. घरटी फौजी असलेली गावं आहेत इथं. पोरगं पाळण्यात असतं तेव्हाच आजोबा म्हणतो, हा मराठा लाईट इन्फंट्रीत जाणार. मला त्या परंपरेचा अभिमान आहे, माझेही वडील फौजेत होते. पण त्या युद्धात मेसोपोटेमियाहून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आलेल्यांतले किती जण आयुष्यभर रात्री दचकून उठत राहिले असतील, त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरली गेली नाहीत. २०२२ च्या जुलैत सरकारनं संसदेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. हा आकडा भरतीला जोडायचा नाही. पण मन आजारी पडणं हे भित्र्याचं लक्षण आहे असं पारावर बसून बोलणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

अकॅडमी चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, कारण तुमच्यातले बरेच माझे जुने सोबती आहेत. मेडिकलच्या आधी पोरांच्या कानातला मळ काढायला तुम्ही स्वतः घेऊन जाता. दातांचे पॉइंट मोजता. नाकाचं हाड वाकडं असेल तर ऑपरेशन करून घ्यायला सांगता, व्हेरिकोसील (अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा) असेल तर तेही. कुणाला त्यात लाज वाटत नाही. मनाचा विषय आला की मात्र फाईल जाळायला सांगता. उद्या ते पोरगं ट्रेनिंग सेंटरला कोसळलं तर तुमच्या फ्लेक्सवरचा त्याचा फोटो तुम्ही उतरवणार, सांभाळणार त्याची आई.

आणि कायदा ठाऊक असू द्या. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४४. भरतीच्या अर्जातल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं असेल आणि ते नंतर उघड झालं, तर कोर्ट मार्शल होऊन पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपंगत्वाच्या पेन्शनचंही तेच. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं जवानाच्या बाजूनं मोठं तत्त्व मान्य केलं, की भरतीवेळी जो आजार नोंदलेला नाही तो नोकरीमुळं झाला असं साधारणपणे धरावं. पण आजार आधीचा होता आणि लपवला होता हे कागदावर सिद्ध झालं तर या आधाराचं काय राहणार?

ज्यांची पोरं औषधावर आहेत त्यांनी काय करायचं? आधी डॉक्टरांशी बोला. गोळी कमी करायची की बंद, ते त्यांनीच ठरवायचं, भरतीच्या तारखेनं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, खर्च परवडत नसेल तर तिथं जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. २०२३ च्या डिसेंबरात खास फौजींसाठी एएफएमसीत टेलिमानसचा वेगळा कक्षही सुरू झाला. फौजेला स्वतःच्या माणसांसाठी याची गरज वाटली, तर आपल्या घराला वाटायला काय हरकत आहे?

त्या संध्याकाळी मामा रागावूनच गेला. "तुमचं झालं म्हणून बोलताय," म्हणाला. ते शब्द मला लागले, आणि त्यात तथ्यही आहे. माझ्या पेन्शनवर घर चालतं, त्या पोराच्या घरी दीड एकर जिरायत आहे.

पोरगा मात्र दोन दिवसांनी एकटाच आला. फाईल शर्टाच्या आत घालून आणली होती. म्हणाला, "काका, ही तुमच्याकडं ठेवा. घरी ठेवली तर बंबात जाईल." मग बराच वेळ बसला. गोळ्या चार दिवस घेतल्या नव्हत्या, झोप येत नव्हती. मी तिथूनच त्याच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं तशी त्यानं त्या रात्रीपासून परत सुरू केली.

यंदाच्या भरतीला तो गेला नाही. सकाळी अजून पळतो, रस्त्यानं दिसतो मला. पुढची तारीख गुरुवारची आहे. साडेनऊच्या एसटीनं आम्ही दोघं सातारला जाणार आहोत. मामालाही निरोप धाडलाय.