लाल पुलाची दुसरी बाजू

इंडोनेशियातल्या सुराबाया शहराच्या जेम्बातान मेरा, म्हणजे लाल पुलाच्या परिसरावरचा तुमचा लेख आवडला. काली मास नदीच्या एका काठाला डच पेढ्या, पलीकडे केम्बांग जपुनचा चिनी बाजार आणि उत्तरेला आंपेलची अरब वस्ती, हे चित्र छान उभं राहिलं. पण पुलासमोरच्या इंटरनाशिओ या जुन्या डच व्यापारी कंपनीच्या इमारतीला एकच ओळ? कॉफीच्या दुकानांना मात्र दोन परिच्छेद!

ऑक्टोबर १९४५मध्ये ब्रिटिशांची ४९वी भारतीय ब्रिगेड सुराबायाला उतरली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. ३० ऑक्टोबरला या इमारतीत मराठ्यांची तुकडी अडकली होती, बाहेर चौकात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या इंडोनेशियनांचा जमाव होता आणि तिथेच ब्रिगेडचे प्रमुख, ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. पुढे १० नोव्हेंबरला ब्रिटिश फौज आणि इंडोनेशियन यांच्यात मोठी लढाई पेटली. तो दिवस इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळतात. म्हणजे स्वतः पारतंत्र्यातली आपली पोरं दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याच्या आड उभी केली गेली. पोटासाठी भरती झालेल्यांना दोष तरी काय द्यायचा? आपल्याकडे मात्र या लढाईचं नावही फारसं कुणी घेत नाही. पुढच्या भागात त्या इमारतीबद्दल सविस्तर लिहा ना.